भंगारातले इंजिन शाळेत आणा

'पिकअप' हा शब्द आता मराठीच झाला आहे. शिरपूरच्या बाजार समितीत मका किंवा कापूस घेऊन आलेल्या शेतकऱ्याला माल कशातून आणला असे विचारले, तर ट्रॅक्टर नसेल तेव्हा 'पिकअप लावली' असेच उत्तर मिळते. पुढे दोघातिघांची बसण्याची जागा, मागे उघडा हौदा आणि ह्या सगळ्याखाली पोलादाच्या दोन लांब तुळया, आडव्या पट्ट्यांनी शिडीसारख्या जोडलेल्या. बोराडीच्या किंवा सांगवीच्या रस्त्यावर धावणाऱ्या ह्या गाडीकडे आपण रोज पाहतो. पण तिचा पणजोबा कोण, हे फारसे कोणी विचारत नाही.

तो पणजोबा अमेरिकन आहे. हेन्री फोर्डच्या कारखान्याने १९०८ साली 'मॉडेल टी' ही मोटार बाजारात आणली. तिकडच्या शेतकऱ्यांना ती गाडी परवडली, पण त्यांना माणसांपेक्षा धान्याची पोती, दुधाची भांडी आणि डुकरे वाहायची होती. तेव्हा लोक मागचा भाग काढून टाकून तिथे लाकडी पेटी बसवू लागले. गावोगाव चाललेला हा उद्योग पाहून फोर्ड कंपनीने एप्रिल १९२५ मध्ये पिकअप हौदा लावलेली मॉडेल टी स्वतःच विकायला काढली. किंमत होती २८१ डॉलर. तिचे इंजिन चार सिलिंडरांचे, सुमारे २.९ लिटरांचे, आणि त्यातून शक्ती मिळे अवघी वीस अश्वशक्ती. आजची दोनशे घन सेंटिमीटरची मोटरसायकल तेवढी शक्ती सहज देते. तरीही ह्या दुबळ्या इंजिनाने अमेरिकन शेतीत मोठी कामे केली. मागचे एक चाक जॅकवर उचलून त्याला पट्टा जोडायचा आणि त्यावर लाकूड कापायची करवत, मळणीयंत्र किंवा पाण्याचा पंप चालवायचा, असे तिकडे सर्रास चाले. आपल्याकडच्या शेतकऱ्याला ह्यात नवल वाटणार नाही. एकाच इंजिनाचा पट्टा सकाळी पंपावर आणि दुपारी कडबाकुट्टीवर चढवणारी माणसे खानदेशात गावोगाव होती.

अमेरिकन गाड्या आपल्याकडे फार लवकर आल्या. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला जोडणीचा कारखाना काढला. तिथे पेट्यांतून आलेले सुटे भाग जोडून शेवरले गाड्या आणि मालमोटारी तयार होत. फोर्डनेही पुढे मुंबईत जोडणी सुरू केली. सोलापूरचे वालचंद हिराचंद ह्यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार करून कुर्ल्याला डॉज, डिसोटो आणि फार्गो ह्या नावांच्या मालमोटारी बनवायला घेतल्या. (नावे तीन, पण गाडी बहुतेक एकच, नाकावरचा बिल्ला तेवढा वेगळा.) महिंद्र कंपनी स्वातंत्र्यानंतर लगेचच विलिस जीपचे सुटे भाग आणून माझगावला जोडू लागली. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, अशी एस.टी.ची पहिली गाडी सुटली. त्या सुरुवातीच्या ताफ्यात बेडफर्ड, मॉरिस, आल्बियन अशा ब्रिटिश गाड्यांच्या बरोबरीने शेवरले, फोर्ड आणि स्टुडबेकर ह्या अमेरिकन गाड्याही होत्या.

पुढे चित्र पालटले. नुसती जोडणी न करता गाडीचे भाग इथेच बनवण्याचा कार्यक्रम ज्यांच्याकडे असेल त्यांनीच भारतात राहावे, अशी शिफारस टॅरिफ कमिशनने १९५३ साली केली. त्यानंतर जनरल मोटर्स आणि फोर्ड हे दोघेही निघून गेले. १९५४ मध्ये जमशेदपूरला टाटांच्या डिझेल मालमोटारी बनू लागल्या. पेट्रोल महाग आणि डिझेल स्वस्त, शिवाय तेवढ्याच इंधनात डिझेल इंजिन जास्त अंतर नेते. मग रस्त्यावर राहिलेल्या अमेरिकन गाड्यांची पेट्रोल इंजिने काढून त्यांच्या जागी पर्किन्ससारखी डिझेल इंजिने बसवण्यात आली. शिरपूरवरून जाणारा मुंबई-आग्रा रस्ता, म्हणजे पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक तीन, ह्या साऱ्या बदलाचा साक्षीदार आहे. धुळे ते इंदूर हा त्याचा टप्पा आता महामार्ग क्रमांक ५२ मध्ये मोडतो. पळासनेर ओलांडून सातपुड्याचा घाट चढणाऱ्या लांब नाकाच्या गाड्या आज तिथे दिसत नाहीत. त्यांतल्या बहुतेक भट्टीत वितळून गेल्या.

आता रस्ता सोडून विहिरीवर जाऊ. इतकी वर्षे ज्या इंजिनाने खानदेशाला पाणी पाजले, त्याचाही शेवट भट्टीतच होत आहे.

डिझेल इंजिने बनवण्यात महाराष्ट्र अग्रेसर होता. साताऱ्याच्या कूपर कारखान्यात १९३० नंतरच्या दशकात ती तयार होऊ लागली. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ साली पुण्याजवळ खडकीला निघाली. तिचे 'एव्ही-१' हे एका सिलिंडरचे, पाण्याने थंड होणारे, पाच अश्वशक्तीचे उभे इंजिन हजारो विहिरींवर बसले. अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांतही तेच दिसते. विहिरींवरून ते गेले ते काही खराब निघाले म्हणून नव्हे. जमिनीवर ठेवलेला पंप पाणी ओढतो तो हवेच्या दाबाच्या जोरावर, आणि ती ओढ कितीही आदर्श परिस्थितीत सुमारे १०.३ मीटरांपलीकडे जात नाही. प्रत्यक्षात सात-आठ मीटरांतच पंप दमतो. भूजल खाली गेले तसतशी इंजिने विहिरीत ओट्यावर उतरवली गेली. मग विंधनविहिरी आल्या, वीज आली, आणि पाण्यात बुडून काम करणारे विजेचे पंप आले. शिरपूर तालुक्यात २००४ पासून नाले खोल करून पाणी मुरवण्याचे मोठे काम झाले आणि विहिरींना पुन्हा पाणी आले. पण इंजिने परतली नाहीत. ती गोठ्यामागे गंजत पडली, आणि भंगारवाला किलोच्या भावाने ती उचलतो.

विहिरीवरचे हे इंजिन आणि ती जीप ह्यांचे एक नाते आहे. ते सहसा कोणी सांगत नाही, म्हणून ते इथे सविस्तर मांडतो. कागद-पेन्सिल घ्या.

एव्ही-१ च्या सिलिंडरचा व्यास ८० मिलिमीटर आहे आणि दट्ट्याची, म्हणजे पिस्टनची, धाव ११० मिलिमीटर. वर्तुळाचे क्षेत्रफळ काढून त्याला धावेने गुणा: ५५३ घन सेंटिमीटर येतील. दुसऱ्या महायुद्धातल्या विलिस जीपच्या इंजिनात चार सिलिंडर होते. प्रत्येकाचा व्यास सव्वातीन इंचांहून अष्टमांश इंच कमी, म्हणजे ७९.४ मिलिमीटर, धाव चार पूर्णांक तीन अष्टमांश इंच, म्हणजे १११.१ मिलिमीटर. गुणाकार करा: ५५० घन सेंटिमीटर. फरक तीन घन सेंटिमीटरांचा, चहाच्या चमचाभरसुद्धा नाही. शिरपूरच्या विहिरीवर बसलेला सिलिंडर आणि नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलेल्या जीपचा सिलिंडर मापाने जवळजवळ जुळे भाऊ होते!

मग जीपला साठ अश्वशक्ती कशी मिळाली? चार सिलिंडर म्हणून दर सिलिंडरमागे पंधरा. विहिरीवरच्या भावाला मात्र पाचच. ह्याचे उत्तर फेऱ्यांत आहे. जीपची साठ अश्वशक्ती मिनिटाला ४००० फेऱ्यांना मिळते, विहिरीवरचे इंजिन १५०० फेऱ्यांवर चालते. दर हजार फेऱ्यांमागे हिशोब केला तर जीपचा सिलिंडर ३.७५ अश्वशक्ती देतो आणि एव्ही-१ चा ३.३. म्हणजे प्रत्येक स्फोटात दोघे जवळजवळ सारखेच काम करतात. एक भाऊ भराभर करतो, दुसरा सावकाश. शिवाय जीपचा आकडा कमाल शक्तीचा आहे, विहिरीवरचा आकडा तासन्‌तास न थांबता द्यायच्या शक्तीचा. विद्यार्थ्यांनी ही उदाहरणे स्वतः करून पाहावीत. 'कार्य' आणि 'शक्ती' ह्या दोन शब्दांतला फरक पुस्तकातल्या व्याख्येपेक्षा इथे लवकर समजतो.

एका बाबतीत मात्र हे भाऊ मुळीच सारखे नाहीत. दट्ट्या सर्वात वर गेल्यावर त्याच्या डोक्यावर किती जागा उरते? विहिरीवरच्या इंजिनात संपीडन गुणोत्तर १६.५ आहे, जीपमध्ये ६.४८. हिशोब केला तर एकात सुमारे ३६ घन सेंटिमीटर जागा उरते आणि दुसऱ्यात सुमारे १००. पहिल्यात हवा इतकी दाबली जाते की ती पाचशे अंश सेल्सिअसच्या वर तापते आणि आत फवारलेले डिझेल आपोआप पेटते. दुसऱ्यात ठिणगी पाडावी लागते. जुन्या अमेरिकन इंजिनांची संपीडन गुणोत्तरे एवढी कमी असत त्याला कारण त्या काळचे पेट्रोल. जास्त दाबले की ते वेळेआधी भडकून सिलिंडरात हातोडा मारल्यासारखा ठोका पडे. मॉडेल टीचे गुणोत्तर तर चारच्या आसपास होते.

इथे जुन्याच्या भक्तांना थोडे रागावायला हवे. जुन्या गाड्यांचे शौकीन 'तसे इंजिन पुन्हा होणे नाही' असे म्हणतात. तसे इंजिन पुन्हा होऊ नये हेच बरे! आदर्श पेट्रोल इंजिनाच्या कार्यक्षमतेचे सूत्र वापरले तर चार गुणोत्तराला कागदावर ४३ टक्के, साडेसहाला ५३ आणि दहाला ६० टक्के येतात. प्रत्यक्षात ह्याच्या निम्मे पदरात पडले तरी पुष्कळ. म्हणजे जुनी इंजिने इंधन पीत आणि काम थोडे करीत. त्यांच्या धुरात काय काय असे ते बोलायलाच नको. १ एप्रिल २०२० पासून भारतात लागू झालेल्या बीएस-६ मानकांच्या जवळपासही ती फिरकू शकत नाहीत. रोजच्या रस्त्यावर त्यांना जागा नाही, आणि ती मागूही नये.

मग ती जपावी कशासाठी? त्यांच्या आत काय चालते ते डोळ्यांना दिसते, एवढ्यासाठी.

जीपच्या किंवा डॉजच्या जुन्या पेट्रोल इंजिनात झडपा सिलिंडरच्या बाजूला बसवलेल्या असत. त्यामुळे वरचे डोके, ज्याला मिस्त्री 'हेड' म्हणतात, ते म्हणजे निव्वळ ओतीव लोखंडाचे झाकण. नट सोडवून ते उचलले की दट्टे आणि झडपा ताटात वाढल्यासारख्या समोर येतात. हँडल सावकाश फिरवा: एक झडप उघडते, दट्ट्या खाली जातो, झडप मिटते, दट्ट्या वर येतो. इयत्तेच्या पुस्तकात चार चौकटींत काढलेले चार टप्प्यांचे चित्र इथे हलताना दिसते. विहिरीवरच्या इंजिनाचे दातेरी चाकांचे झाकण काढा आणि झडपांच्या दांड्याच्या चाकाचे दाते मोजा. भुजादंडाच्या चाकाच्या नेमके दुप्पट भरतील. दोन फेऱ्यांत एकदाच स्फोट का होतो, ह्याचे उत्तर त्या दात्यांत आहे. आजच्या गाडीचे झाकण उघडले तर काळ्या प्लॅस्टिकचे आवरण दिसते आणि त्याखाली तारांचे जाळे. इंधन किती आणि केव्हा सोडायचे ते एक छोटा संगणक ठरवतो. हे यंत्र जुन्यापेक्षा फार हुशार आहे ह्यात शंका नाही. पण ह्या हुशार यंत्राशी पहिली ओळख होऊ शकत नाही. ते समजायला आधी त्याचा आडदांड आजोबा उघडून पाहावा लागतो.

जुन्या अमेरिकन मालमोटारीची रचनाही तशीच मोकळी. झाकण उघडले की इंजिनाच्या दोन्ही बाजूंना हात घालायला ऐसपैस जागा. साध्या पान्यांनी सगळे सुटते. अर्थात पाने इंची हवेत. नऊ षोडशांश इंचाचा नट म्हणजे १४.३ मिलिमीटर, त्याला १४ चा पाना बसत नाही आणि १५ चा पाना त्याचे कोपरे खातो. गणितातले अपूर्णांक कशाला शिकायचे असे विचारणाऱ्या मुलाला ह्या नटासमोर उभे करावे.

त्या काळच्या शेवरलेच्या सहा सिलिंडरांच्या इंजिनात, १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांपर्यंत, भुजादंडाला धरणाऱ्या दांड्यांची बेअरिंगे वितळलेला पांढरा धातू ओतून केलेली असत. कथील, अँटिमनी आणि तांबे ह्यांचे हे मऊ मिश्रधातू. बेअरिंग झिजले की जुना धातू वितळवून काढायचा, नवा ओतायचा, मग भुजादंडाला निळा रंग लावून तो फिरवायचा आणि जिथे रंग लागला असेल तो उंचवटा पातीने खरवडायचा. पुन्हा रंग, पुन्हा खरवड. कागदाच्या जाडीपेक्षाही कमी फट राहीपर्यंत हे चाले. खानदेशातल्या गॅरेजांत आता नवे तयार बेअरिंग पेटीतून काढून बसवतात, आणि तेच शहाणपणाचे आहे. पण धातू ओतून, निळा लावून इंजिन 'बांधणारी' मिस्त्री मंडळी आता वयस्क झाली आहेत. त्यांच्या हातातले ज्ञान कुठल्याही पुस्तकात पुरते उतरलेले नाही.

आता कायद्याकडे वळू. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून 'व्हिंटेज' वाहनांसाठी वेगळी नोंदणी आणली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेल्या, मूळ रूपात जपलेल्या, सांगाड्यात किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेल्या दुचाकी-चारचाकींना तीत 'व्हीए' अक्षरांचा खास क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये. नियम चांगला आहे. जुनी वाहने हा वारसा आहे हे सरकारने मान्य केले. पण त्यात एक अट आहे: वाहन खाजगी वापराचे हवे, धंद्याचे नको. म्हणजे संस्थानिकाची चकचकीत मोटार वारसा ठरली, आणि चाळीस वर्षे कापसाच्या गाठी वाहणारी फार्गो मालमोटार ठरली नाही. पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवलेली जीपही अडचणीत येते, कारण ती 'मूळ रूपात' उरली नाही. वास्तविक भारतातल्या त्या गाडीची खरी कथा त्या बदललेल्या इंजिनातच आहे. महाग पेट्रोल, स्वस्त डिझेल आणि गॅरेजातली कल्पकता ह्यांचा तो इतिहास आहे. माझ्या मते ह्या नियमात मालवाहू वाहनांसाठी आणि जुन्या काळीच बदललेल्या इंजिनांसाठी वेगळा वर्ग हवा. त्यांना रस्त्यावर धंदा करू द्यावा असे मी म्हणत नाही. भट्टीतून वाचण्याइतकी मान्यता द्यावी, एवढेच.

दुसरी मागणी शाळांसाठी आहे. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांहून जुन्या सरकारी वाहनांची नोंदणी रद्द होते आणि ती मोडीत निघतात. त्यांत जीप आहेत, आणि त्या जीपची पाळेमुळे माझगावच्या त्या जोडणीपर्यंत जातात. अशा मोडीत निघणाऱ्या गाड्यांतले एकेक इंजिन, तेल-इंधन काढून, निरुपयोगी म्हणून शिक्का मारून, तालुक्यातल्या एकेका माध्यमिक शाळेला द्यावे. भंगाराच्या भावात सरकारचे फारसे काही बुडणार नाही. सरकारी कागद हलेपर्यंत शाळांनी वाट पाहावी असेही नाही. गोठ्यामागचे विहिरीचे इंजिन शाळेला द्यायला शेतकरी पालक बहुधा तयार होतील; विचारून तर पाहावे.

'शाळेत इंजिन आणून काय करायचे? अभ्यासक्रम कोण पुरा करणार?' ही शिक्षकांची शंका मला ठाऊक आहे. तिला उत्तर पुणे जिल्ह्यातल्या पाबळने दिले आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग ह्यांनी १९८३ साली तिथे विज्ञान आश्रम सुरू केला आणि ग्रामीण शाळांतल्या मुलांसाठी मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम बांधला. वेल्डिंग, बांधकाम, वीजजोडणी, शेती ही खरी कामे करता करता मुले विज्ञान शिकतात, हा त्याचा पाया. तो पुढे अनेक शाळांत गेला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तर घरी ठेवून गावातल्या कारागिरांकडे काम शिकावे असे म्हटले आहे. त्या दहा दिवसांत मुलांना कागदाची फुले करायला लावण्याऐवजी महामार्गावरच्या गॅरेजमधल्या मिस्त्रींना मानधन देऊन शाळेत बोलवावे. त्यांना खुर्ची द्यावी, आणि विज्ञानाच्या गुरुजींनी त्या दिवसांपुरते विद्यार्थ्यांत बसावे.

हे काम करताना काही गोष्टींत मुळीच सवलत नाही. जुन्या इंजिनांच्या पॅकिंगमध्ये, तसेच ब्रेक आणि क्लचच्या अस्तरांत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. ते कोरडे खरवडू नये, हवेने फुंकू नये; ओले करून मिस्त्रींनीच काढावे आणि पिशवीत बांधावे. भारतात २००० सालापर्यंत पेट्रोलमध्ये शिसे मिसळत, तेव्हा जुन्या पेट्रोल इंजिनातली काजळी विषारी समजावी. हातमोजे घालावेत, काम संपल्यावर साबणाने हात धुवावेत, आणि मधल्या सुटीचा डबा त्या खोलीत उघडू नये. पट्टा किंवा प्रचक्र फिरत असताना ओढणी, मोकळी बाही, लांब केस जवळ नकोत. इंजिन चालू करायचेच झाले तर उघड्या अंगणात, मोठ्यांनी, आणि मुलांना दोरीपलीकडे ठेवून. पेट्रोल इंजिनाच्या हँडलला अंगठा विळखा घालून कधीच धरू नये. तो बाकीच्या बोटांच्या बाजूलाच ठेवावा. ठिणगी वेळेआधी पडली तर हँडल उलटे फिरते आणि मनगट मोडते. अशी मनगटे जगभर मोडली म्हणूनच १९१२ मध्ये कॅडिलॅक मोटारीला विजेचा स्टार्टर लागला, आणि मोटार चालवणे हे केवळ दंडातल्या जोराचे काम राहिले नाही. विहिरीवरच्या डिझेल इंजिनात युक्ती वेगळी: झडप उघडी धरणारा खटका दाबून आधी हलक्या हाताने प्रचक्राला गती द्यायची, मग खटका सोडायचा. चाकात साठलेली ऊर्जा त्या घट्ट दाबलेल्या हवेवर मात करते आणि पहिला 'धड्' असा आवाज येतो. जडत्वाचा धडा शिकवताना गुरुजींनी हा आवाज आठवायला सांगावा.

खरे तर इंजिन सुरू झालेच पाहिजे असा हट्टही नको. सुरू न होणारे इंजिनही वर्षभर शिकवते. तेलाच्या तळाशी सापडलेला चमकता कण कुठून आला, एकाच दट्ट्याची रिंग का अडकली, सिलिंडर वरच्या बाजूला जास्त का झिजला आणि खाली कमी का, ह्यांची उत्तरे शोधताना घर्षण, उष्णता, धातू आणि वंगण हे सगळे विषय येऊन जातात. शौकिनांचे एक मात्र शाळांनी उचलू नये: रंगरंगोटी. गंज काढून तेलाचा हात फिरवला की पुरे. चकाकी आणण्यात पैसे घालण्यापेक्षा एक मायक्रोमीटर आणि फटी मोजायच्या पात्यांचा संच घ्यावा.

आणि पहिला प्रयोग कोणता, असे विचाराल तर असा करा. वर्ग आठवी ते दहावी, साहित्य रसायनशास्त्राच्या कपाटातले. एव्ही-१ चे हेड उतरवून दट्ट्या सर्वात वर आणून ठेवा आणि कडेला ग्रीस लावून फट बंद करा. दट्ट्याच्या माथ्यावरच्या वाटीसारख्या खळग्यात मोजपात्रातून इंजिनाचे तेल हळूहळू ओता, काठोकाठ भरेपर्यंत, आणि किती घन सेंटिमीटर मावले ते लिहून ठेवा. हेडच्या बाजूच्या खोलगट भागाचे आणि पॅकिंगच्या जाडीएवढ्या जागेचे आकारमान त्यात मिळवा. एकूण ३६ च्या जवळ आले तर तुमचे मोजमाप नीट झाले. जास्त आले तर पॅकिंग कोणीतरी जाड घातले आहे, किंवा दट्ट्या बदलला आहे, किंवा बेअरिंग झिजून दट्ट्या खाली राहिला आहे. ह्यांतले कोणते, ते पुढच्या तासाला शोधा.